ढोल रेकॉर्ड करताना : १६, २४ की ३२ बिट?

गणपती जवळ आले की नाशकात संध्याकाळी ढोलपथकांचे सराव सुरू होतात आणि कुणीतरी रेकॉर्डर घेऊन तिथे पोहोचतोच. सेटिंगमध्ये १६, २४ आणि ३२ फ्लोट असे पर्याय दिसतात. मोठा आकडा तो चांगला, असं धरून चालू नका. टप्पा बदलला की आकडाही बदलतो.

रेकॉर्डिंग २४ बिटवर करा. एका बिटमागे साधारण ६ डेसिबल मिळतात, म्हणजे १६ ला ९६ आणि २४ ला १४४. (हे कागदावर, प्रत्यक्ष यंत्रं १४४ पर्यंत पोहोचत नाहीत.) सुरुवातीच्या हलक्या हातावर गेन लावू नका. वादकांना पूर्ण जोरात वाजवायला सांगा आणि टिपरूचा सगळ्यात मोठा ठोका उणे १२ च्या आसपास राहील असं पाहा. १२ डेसिबल मोकळे सोडले म्हणजे २ बिट गेले. तरी २२ उरतात. १६ वर मात्र १४ च उरतील, आणि नंतर आवाज वर उचलताना खरखरही वर येईल.

रेकॉर्डरमध्येच ३२ फ्लोट असेल तर? झूम एफ६ सारख्या यंत्रात प्रत्येक इनपुटला दोन कन्व्हर्टर असतात, तिथे तो जरूर वापरा. पण ढोलाला चिकटवलेल्या माइकमध्येच आवाज फाटला, तर कुठलाच फ्लोट तो शिवून देत नाही. साध्या २४ बिटच्या इंटरफेसवर ३२ निवडून तर फक्त फाइल फुगते.

फ्लोटचं खरं काम सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या ३२ पैकी १ बिट चिन्हाला, ८ घातांकाला आणि २३ आकड्याला. बारकावा २४ बिटच्याच तोडीचा, पण शून्याच्या वर गेलेला आवाज कापला जात नाही. ढोल-ताशांचे ट्रॅक मिसळून मास्टर अधिक ५ वर गेला, लाल दिवा लागला, तरी फेडर खाली घेतला की ठोके शाबूत. हेच मधल्या टप्प्यात २४ बिटची फाइल काढून केलं, तर ते ठोके कायमचे सपाट होतात. ऑडॅसिटीत मुळातच ३२ फ्लोट असतो. तो बदलू नका. रीपर आतला हिशोब ६४ फ्लोटवर करतो, ते उत्तमच. फाइल मात्र ६४ मध्ये साठवण्यात अर्थ नाही.

१६ बिट शेवटी, एकदाच, सीडीसाठी. तेव्हा डिदर चालू ठेवा. व्हिडिओवाल्याला २४ द्या. एमपी३ थेट फ्लोटवरून काढा, मध्ये १६ चा थांबा नको.

विसर्जन मिरवणुकीला जाणार असाल तर एक हिशोब करून निघा. ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ, ३२ फ्लोट म्हणजे तासाला साधारण १.४ जीबी. साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ जीबी, म्हणजे जेमतेम तीन तास. रेकॉर्डर त्यापुढे आपोआप नवी फाइल सुरू करतो का, हे घरीच तपासा.