कचरा टाकायचा नाही, द्यायचा!

मित्रांनो, विषय वाचून नाक मुरडू नका. थर्मोडायनॅमिक्समध्ये आपण सिस्टिमची बाउंड्री आखतो आणि पलीकडचं सगळं 'सराउंडिंग्ज' म्हणून सोडून देतो. खोलीतल्या कचऱ्याचंही तसंच. पिशवी दाराबाहेर ठेवली की आपलं काम झालं! पण खरी प्रक्रिया तिथून पुढे सुरू होते, आणि तिचं पहिलं यंत्र म्हणजे माणसाचे हात.

पुण्याचंच उदाहरण घ्या. घरोघरचा कचरा गोळा करण्याचं मोठं काम 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था करते. १९९३ साली उभ्या राहिलेल्या 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' या संघटनेतून ती निघाली. काम करणाऱ्यांत बहुसंख्य बायका. पिशव्या उघडून त्या हाताने माल निवडतात. पुठ्ठा, बाटल्या, पत्रा विकून येणारे पैसे हा त्यांच्या कमाईचा भाग असतो. म्हणजे आपण पिशवीत काय आणि कसं भरतो, यावर दोन गोष्टी ठरतात : त्या मावशींचा हात कापणार की नाही, आणि त्या दिवशी त्यांच्या पदरात किती पडणार. जिथे घंटागाडी येते तिथेही डबे उपडे करणारे हातच असतात.

आधी भाग पाडा

२०१६ च्या घनकचरा नियमांनी तीन भाग सांगितले होते : ओला, सुका आणि घरगुती घातक. २०२६ च्या नव्या नियमांत चार आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा.

*ओला :* सालं, चहाचा चोथा, उरलेलं अन्न. पाणी निथळून डब्यात टाका. प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारली की आत हवा जात नाही, आणि वास मारायला लागतो. शिवाय ती पिशवी कोणाला तरी हाताने फोडावी लागते. मेसच्या मागे खताचा खड्डा असेल तर त्यात वाळलेला पालापाचोळाही घाला. खत नीट होण्यासाठी कार्बन आणि नायट्रोजन यांचं प्रमाण साधारण ३० ला १ लागतं. नुसत्या भाताचा आणि भाजीचा चिखल होतो, खत नाही.

*सुका :* रद्दी, पुठ्ठा, बाटल्या, डबे. पार्सलचा डबा एकदा विसळा आणि कोरडा होऊ द्या. आमटीत भिजलेला कागद भंगारवाला घेत नाही. दोन मिनिटांचं विसळणं वाचवलं, की मालाचा कचरा झाला!

*सॅनिटरी :* पॅड, डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून वेगळे द्या. पुण्यात अशा पुडीवर लाल ठिपका काढायची मोहीम झाली. ठिपका दिसला की पुडी न उघडता बाजूला ठेवता येते. एक पेन आणि एक सेकंद लागतो.

*विशेष काळजीचा :* ट्यूब, बल्ब, बॅटऱ्या, औषधं, सुया. यावर जरा सविस्तर बोलू.

हात कापणाऱ्या, पेट घेणाऱ्या वस्तू

फुटलेला ग्लास किंवा दाढीचं ब्लेड पुठ्ठ्यात गुंडाळा, चिकटपट्टी लावा आणि वर मोठ्या अक्षरांत 'काच' किंवा 'ब्लेड' लिहा. सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बाटलीत ठेवा. जुन्या ट्यूबमध्ये आणि सीएफएलमध्ये पारा असतो, म्हणून न फोडता नव्या ट्यूबच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनात घालून द्या.

मोबाइल आणि लॅपटॉपच्या लिथियम बॅटरीच्या टोकांवर टेप लावा. फुगलेली बॅटरी टोचून बघण्याचा 'प्रयोग' कृपया करू नका. कचऱ्याच्या गाडीतल्या कॉम्पॅक्टरमध्ये अशी बॅटरी चेपली, तर आत शॉर्ट होऊन गाडीला आग लागू शकते. म्हणून बॅटऱ्या आणि ई-कचरा नोंदणीकृत संकलकाकडेच द्यावा. भंगारात गेलेल्या वायरी बऱ्याचदा तांब्यासाठी जाळल्या जातात, आणि पीव्हीसीचा तो विषारी धूर जाळणाऱ्याच्याच छातीत जातो.

गादी, खाट, कूलर

सेमिस्टर संपलं की होस्टेलच्या जिन्याखाली काय काय उगवतं ते सगळ्यांनी पाहिलंय! या वस्तू रोजच्या गाडीत मावत नाहीत. त्यांच्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात आधी विचारावं, किंवा भंगारवाल्याला दिवस ठरवून बोलवावं. आदल्या रात्री रस्त्यावर नेऊन ठेवू नये. तयारी अशी :

१. गादी कोरडी ठेवा. कापसाची गादी पिंजून पुन्हा भरता येते. एकदा पावसात भिजली की ती दोघांनाही उचलत नाही आणि कोणाच्या उपयोगाचीही राहत नाही.

२. खाट आणि टेबल सुटं करा. नटबोल्ट एका पिशवीत घालून त्याच खाटेला बांधा. वर आलेले खिळे काढा किंवा ठोकून वाकवा.

३. कूलरमधलं पाणी पूर्ण काढा. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. आतलं गवत काढून वाळवा, वायर गुंडाळून बांधा.

४. फ्रिजचं दार काढा किंवा दोरीने पक्कं बांधा, म्हणजे खेळताना एखादं मूल आत अडकणार नाही. मागच्या नळ्या कापू नका, आत गॅस असतो.

५. लॅपटॉप देण्याआधी त्यातला डेटा पुसा. फोनमधलं सिम काढा.

हे सगळं कशासाठी?

पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या डेपोत जात होता. २०१७ साली डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, आणि शहरात ढीग साचले. मुंबईत देवनारला २०१६ च्या जानेवारीत लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला होता. मिसळलेला कचरा ढिगात दबला की हवेविना कुजतो आणि मिथेन तयार होतो. म्हणजे आपल्या खोलीतली 'मिक्स' पिशवी कुणाच्या तरी घराशेजारी जाऊन पेटते.

रेक्टर सरांना एक विनंती : परीक्षा संपण्याआधीचा एक रविवार ठरवावा आणि जिन्याखालची जागा मोकळी करून द्यावी. चांगल्या गाद्या, बादल्या, ड्राफ्टर ज्युनिअर्सना मिळतील, उरलेलं एकदम भंगारवाल्याला देता येईल. आणि बाकीच्यांनी उद्या सकाळी एवढंच करावं : पिशवी दाराबाहेर ठेवण्याआधी, ती आपल्यालाच हाताने उघडायची आहे असं समजून एकदा आत बघावं.