घसरगुंडीचा पत्रा फाटलाय, सांगायचं कुणाला?

प्रश्न : मुंबईत घराजवळच्या पालिकेच्या बागेत घसरगुंडीचा पत्रा फाटलाय. रखवालदार ‘वर कळवलंय’ एवढंच म्हणतो. काय करावं?

उत्तर : रखवालदाराच्या हातात फारसं काही नसतं. पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. शिवाय विभाग कार्यालयात उद्यान खात्याच्या नावे लेखी अर्ज द्या. फाटलेल्या कडेचा फोटो जोडा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्याच. पुढे तोच कामी येतो. हालचाल नसेल तर तक्रारीवर काय कारवाई झाली, हे माहिती अधिकारात विचारा. उत्तराची मुदत ३० दिवस. हा क्रम बागेतल्या घसरगुंडीसाठी; पालिकेच्या तरण तलावात तळाच्या निचऱ्यावरची जाळी निघालेली दिसली, तर मात्र कागद नंतर. तिथल्या ओढीने केस, हातपाय अडकतात. आधी जीवरक्षकाला सांगून सगळ्यांना पाण्याबाहेर काढा.