पुराआधी मोबाइलला काय विचारावे?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांनी बेळगाव जिल्ह्यात काय केले, ते काठावरच्या शेतकरी बंधूंना सांगावयास नको. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. आमच्या सीमाभागात आणखी एक अडचण असते. सरकारी सूचना कानडीत निघते, घरातली वडील माणसे मराठी वाचतात, आणि बांधकामावर आलेल्या मजुरांना हिंदीशिवाय काही समजत नाही.

हल्ली मोबाइलवर चॅटबॉट मिळतात. आपण लिहून किंवा बोलून विचारावे, यंत्र उत्तर देते. कानडी सूचनेचा फोटो दाखविल्यास ते तिचा अर्थ मराठीत व हिंदीत सांगते. हे काम ते बरे करते. तरीही गावाचे नाव, तारीख आणि आकडा कानडी जाणणाऱ्या शेजाऱ्याकडून ताडून घ्यावा. सूचनेत 'क्युसेक' हा शब्द येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. धरणातून एक लाख क्युसेक सोडले, म्हणजे दर सेकंदाला २८ लाख लिटर!

"पुरात काय करावे?" असे मोघम विचारले तर उत्तरही मोघमच मिळते. त्यापेक्षा असे विचारावे: "घर नदीपासून अर्धा किलोमीटरवर आहे. २०१९ साली पाणी उंबऱ्याला लागले होते. माणसे सहा, आजी अंथरुणाला खिळलेली, वडिलांना इन्शुलिन लागते, दोन म्हशी आहेत, वाहन एकच मोटारसायकल. पाणी येण्याआधी कोणते काम कोणी व कोणत्या क्रमाने करावे?" पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते हे यंत्राला ठाऊक नसते, आजीला असते. म्हणून मोबाइल मुलांच्या हाती असला तरी विचारताना मुलांनी आजीजवळ बसावे. उत्तर वहीत मोठ्या अक्षरांत उतरून घ्यावे, कारण पुरात वीज जाते, टॉवर बंद पडतो, आणि मग मोबाइल नुसता टॉर्च उरतो.

आज नदी किती चढली, धरणातून किती पाणी सोडले, हे मात्र चॅटबॉटला विचारू नये. ठाऊक नसलेली गोष्टही ते ठासून सांगते. त्यासाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे, जीव धोक्यात असेल तर ११२. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे 'सचेत' ॲपही घालून ठेवावे.

औषधपाण्याचा सल्ला तर आम्ही डोळे मिटून घेऊ देणार नाही. जुलाबावरील साखर-मिठाच्या पाण्याचे माप पक्के आहे: एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. यंत्राने वेगळे माप सांगितले तर ते सोडून द्यावे. मीठ जास्त झाल्यास लहान मुलाला अपाय होतो. साप चावल्यास चिरू नये, आवळून बांधू नये, तोंडाने ओढू नये. हात किंवा पाय स्थिर ठेवून सरळ इस्पितळ गाठावे. पुराच्या पाण्यात वावरल्यानंतर ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आधारचा क्रमांक व बँकेचा तपशील यंत्राला सांगू नये. वही मात्र रेशनकार्ड आणि जमिनीच्या उताऱ्यासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हाताशी येईल अशा उंच खुंटीवर मृगापूर्वीच टांगून ठेवावी.