आयब्रोवालीला धरून ठेव

नारायण पेठ, पुणे

चि. मनू,

ब्यूटी पार्लरचा कोर्स झाला, पुढच्या खोलीत आरसा लागला, सासूबाईंनीही मान डोलावली. आता गिऱ्हाईक कुठून आणायचं, एवढंच विचारलं आहेस. सोबत ब्रायडल पॅकेजच्या कार्डाचा फोटोही पाठवला आहेस. कार्ड देखणं झालंय, पण ते आत्ता छापू नकोस.

नवरीच्या एका मेकअपमध्ये पुष्कळ पैसे सुटतात, हे मलाही कळतं. पण नवरी एकदाच येते, आणि तिच्यासाठी तुझी चढाओढ मोबाइलवर दिसणाऱ्या अख्ख्या पुण्याशी असते. चातुर्मासात मुहूर्त नसतात, पौषात बहुतेक घरं लग्न काढत नाहीत. तेव्हा काय आरसा पुसत बसणार? आयब्रो करून जाणारी बाई मात्र तीन-चार आठवड्यांनी परत येतेच, कारण केस वाढायचे थांबत नाहीत. काम दहा मिनिटांचं, पैसे किरकोळ. पण त्या दहा मिनिटांत ती तुझा हात, तुझा टॉवेल, तुझी मोरी आणि तुझी जीभ, सगळं पारखून घेते. फेशियल, हेअर कट आणि पुढे तिच्या बहिणीचं लग्न त्या दोऱ्याच्या मागून येतं. आधी अशा पन्नास-साठ जणी बांध.

त्या चालत दहा मिनिटांच्या आतच शोध. पेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही; कोथरूडची बाई हौसेने एकदा येईल, दुसऱ्यांदा येणार नाही. लक्ष्मी रस्त्यावर हुजूरपागा आहे. १८८४ सालची ती शाळा सुटते, तेव्हा बाहेर मुलींची वाट बघत आया उभ्या असतात. त्यांच्याकडे अर्धा तास रिकामा असतो आणि करायला काही नसतं. मग कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणाऱ्या मुली. त्यांच्याकडे पैसे बेताचे, पण एक खूश झाली की खोलीतल्या चौघी येतात आणि अभ्यासिकेतल्या आणखी दोघी. परीक्षा संपली की गावी जातील, तेव्हा त्यांच्यावर सगळा भार टाकू नकोस. दुपारी एक ते चार दुकानं बंद ठेवण्यावरून लोक पेठांची चेष्टा करतात. तुझी खोली नेमकी त्याच वेळी उघडी ठेव. घरातली जेवणं आवरून बाईला स्वतःचा वेळ तेव्हाच मिळतो.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गिऱ्हाईक म्हणजे आपल्या जुन्या वाड्यांतल्या आज्या. मुलं परदेशात किंवा बाणेर-वाकडला. गुडघे वाकत नाहीत, पायाची नखं स्वतःला कापता येत नाहीत, आणि हे सुनेला सांगायची लाज वाटते. त्यांच्या घरी जा. कोमट पाण्यात पाय भिजव, नखं सरळ काप, केस धुऊन विंचरून दे. मधुमेह आहे का, हे आधी विचार. असेल तर कुरूप, भोवरी यांना हात लावायचा नाही, ते डॉक्टरांचं काम. घाई करू नकोस, त्यांना बोलायचंही असतं. डिसेंबरात अमेरिकेतली लेक येते ती आईचे पाय बघूनच तुझा नंबर मागते, आणि तिला आठवड्याभरात सगळंच करून हवं असतं.

दारोदार जाण्यात कमीपणा मानू नकोस. केशव पेंढरकरांनी १९५२ साली परळच्या राहत्या घरातून विको सुरू केली, तेव्हा दंतमंजन घरोघर जाऊनच विकलं होतं.

अ‍ॅपवरून बोलावलेल्या मुलीही हल्ली घरी येतात, नेटकं काम करतात. त्यांच्याशी दरात भांडू नकोस. त्यांच्याकडे प्रत्येक वेळी तोच हात येईल याची खात्री नसते. तू मात्र तीच असणार. म्हणून एक वही ठेव. नाव, शेवटची तारीख, कुठल्या वॅक्सने लाल झालं, भुवई बारीक आवडते की जाड, मुलीची दहावी कधी. मेंदी असो वा डाय, रंग नवा असला की ४८ तास आधी कानामागे लावून बघायचा, आणि ते बघितल्याचंही वहीत लिहायचं. ब्लेड एकीचं दुसरीला नाही. वॅक्सची पट्टी, दोरा नवा, आणि तो नवा आहे हे तिला दिसू दे.

आता जिभेचं. "किती टॅन झालंय हो", "डाग वाढलेत" असं घाबरवून फेशियल विकायची पद्धत कोर्समध्येच शिकवतात की काय, देव जाणे. बाई त्या दिवशी पैसे देते आणि पुन्हा येत नाही. त्याहून महत्त्वाचं, खुर्चीत बसलेली बाई घरातलं सगळं बोलते, आणि पेठेत भिंतीला भिंत लागून आहे. जोशी वहिनींचं केळकर वहिनींना कळलं की दोघीही गेल्या. सासूबाईंनाही हे गोडीत सांगून ठेव. त्या बाहेरच्या खोलीत असतील तेव्हा टीव्हीचा आवाज जरा मोठा ठेवायला हरकत नाही.

त्यांच्या भिशीतल्या बायका येतीलच. त्यांनाही दर तोच. पहिल्यांदा फुकट केलंस की दुसऱ्यांदा पैसे मागताना तुझीच जीभ अडखळेल. द्यायचंच तर मैत्रीण घेऊन येणारीला एक आयब्रो माफ कर.

कागदपत्रांचा बाऊ नको. माणसं मोजकीच असली की दुकाने-आस्थापना कायद्याखाली नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की झालं. उद्यम नोंदणी फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नकोस. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीही नाही. सोसायटीला मात्र आधी विचार, जिन्यातल्या चपलांवरून भांडणं होतात.

भिंतीवर कालनिर्णय लाव आणि त्यावरच धंदा आख. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवं, श्रावणात मंगळागौरी, हरतालिकेच्या आधीचे दोन-तीन दिवस अंगावर येतील इतकी गर्दी, पितृपक्षात सामसूम. अनंत चतुर्दशीला मिरवणुकीने रस्ते बंद असतात, त्या दिवशी कुणाला वेळ देऊ नकोस.

आणि हो, मंगळागौरीला मुली नऊवारी नेसवून मागतात. तुझ्या कोर्समध्ये साडी ड्रेपिंग होतं म्हणालीस, पण ते पिनांवरचं. बिनपिनेची, काष्टा सुटणार नाही अशी येते का? येत नसेल तर श्रावण लागायच्या आत एखाद्या दुपारी ये. येताना साडी सुती आण, रेशमीवर हात बसत नाही.

तुझी,
आत्या