पोराला नागपूरला टाकण्याआधी

दहावीचा निकाल लागला की सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा, मोहगाव, कुठल्याही घरात जा, एकच बोलणं चाललेलं असतं. "पोराले नागपूरले टाकावं का?" आई-बाबांनो, हा प्रश्न तुम्ही क्लास, होस्टेल आणि फीच्या हिशेबाने सोडवता. त्याच्याही आधी एक गोष्ट तपासायला हवी. मूल बारावी कुठल्या राज्यातून करणार, यावर त्याच्यासाठी कोणत्या कॉलेजात किती जागा खुल्या राहतील हे बऱ्याच अंशी ठरतं.

नागपूर आपल्याला परकं वाटतच नाही. मोठा दवाखाना तिथे, संत्र्याचा बाजार तिथे, अर्धी सोयरीक तिथली. १९५६ पर्यंत तर नागपूर आपल्याच राज्याची राजधानी होती. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर मध्य प्रदेशात राहिलं. लग्न जुळवताना ही सीमा कोणाला आठवत नाही. प्रवेशाच्या अर्जात मात्र ती ठळक दिसते.

इंजिनिअरिंगचंच घ्या. नागपूरचं व्हीएनआयटी आणि भोपाळचं मॅनिट, दोन्ही एनआयटी. एनआयटीत साधारण निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना आणि निम्म्या बाहेरच्यांना असतात. इथे 'राज्यातला' कोण, हे घराच्या पत्त्यावरून किंवा मूलनिवासी दाखल्यावरून ठरत नाही. बारावी पहिल्यांदा ज्या राज्यातून पास केली, ते मुलाचं राज्य. म्हणजे सौंसरला बारावी केलेली मुलगी दीड-दोन तासांवरच्या व्हीएनआयटीला 'बाहेरची' आणि दूरच्या भोपाळला 'घरची'. तीच मुलगी अकरावी-बारावी नागपूरला शिकली, तर हिशेब उलटा. यात एक बाजू नेहमीच फायद्याची असं नाही. शाखेनुसार फरक पडतो. आयआयटी-एनआयटीच्या जागा वाटणाऱ्या जोसाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे शेवटचे रँक होम स्टेट आणि अदर स्टेट असे वेगवेगळे दिलेले असतात. दोन्ही कॉलेजांचे ते आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि मग नागपूरचं बोला. आयआयटीत आणि नागपूर-जबलपूरच्या ट्रिपल आयटीत हा राज्याचा भेद नाही.

डॉक्टरकीच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटते, कारण तिथे नुकसान झालेलं फार उशिरा कळतं. सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या १५ टक्के जागा देशभरासाठी, बाकीच्या ८५ टक्के राज्याच्या. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, शिवाय अधिवासाचा दाखला. आपल्या मुलाची दहावी इथे झालेली. म्हणजे नुसती बारावी नागपूरला केल्याने नागपूर मेडिकलची राज्याची जागा त्याच्या वाट्याला येत नाही. आणि इथलं काय सुटतं? २०२३ पासून मध्य प्रदेशात एमबीबीएसच्या ५ टक्के जागा सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी राखीव आहेत. त्यासाठी साधारणपणे सहावी ते बारावी नियमितपणे इथल्या सरकारी शाळेत व्हावी लागते. सहावीपासून सरकारी शाळेत शिकलेली हुशार मुलगी दहावीनंतर नागपूरच्या खाजगी कॉलेजात गेली की तिचा हा हक्क गेला. अशा मुलीला घाईने हलवू नका, असं मी अगदी मनापासून सांगेन. छिंदवाड्याला आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. आणि नागपूरचं एम्स तर देशभरातल्या सगळ्यांना सारखं खुलं आहे, त्यासाठी नागपूरला शिकायची गरज नाही.

पैशाचीही बाजू आहे. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत मध्य प्रदेश बोर्डाला ७० टक्के किंवा सीबीएसई-आयसीएसईला ८५ टक्के, आणि इंजिनिअरिंगसाठी जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आतला रँक असेल, तर सरकार फी भरतं. उत्पन्नाची मर्यादा आहे, ती त्या वर्षीची बघून घ्या. महाराष्ट्र बोर्डाचं नाव या अटीत नाही.

हे कळल्यावर काही पालक मधली वाट काढतात. मूल नागपूरच्या क्लासला, नाव मात्र गावाकडच्या किंवा तिसऱ्याच राज्यातल्या शाळेत, म्हणजे 'डमी'. ही वाट धरू नका. सीबीएसई अशा मुलांना परीक्षेला बसू देणार नाही, हे बोर्डाने २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. शिवाय सोळा-सतरा वर्षांच्या पोराला शाळा, प्रयोगशाळा, मित्र काहीच नसतं. दोन वर्षं तो नुसते उत्तरपत्रिकेतले गोल काळे करत बसतो. सरकारी शाळेत शिकून तयारी करायची असेल, तर राज्याची सुपर १०० योजना आहे. भोपाळचं सुभाष उत्कृष्ट विद्यालय आणि इंदूरचा मल्हाराश्रम इथे निवडलेल्या मुलांची अकरावी-बारावी आणि इंजिनिअरिंगच्या जेईईची, मेडिकलच्या नीटची तयारी होते. तिची चौकशी दहावीच्या वर्षातच करा.

आता आपलं मूल कुठे बसतं, हे कसं ओळखायचं? इथे आपण पालक फार फसतो. "पोराले ९५ पडले," असं कौतुकाने सांगतो. ते ९५ टक्के नव्हेत, पर्सेंटाइल आहेत. २०२५ साली जेईई मेनला पावणेपंधरा लाखांच्या आसपास मुलं बसली. ९५ पर्सेंटाइल म्हणजे त्यातली सुमारे ७४ हजार पुढे. ९८ म्हणजे २९-३० हजार पुढे, आणि ९९ म्हणजे पंधरा हजारांच्या जवळपास. एनआयटी सगळ्या मिळून ३१. कॉम्प्युटरसारख्या शाखेला तर एकेक पर्सेंटाइल जड जातं. नीटमध्ये गुणांवर जाणं आणखी धोक्याचं. २०२४ ला सुधारित निकालातसुद्धा ७२० पैकी ७२० घेणारे १७ जण होते. २०२५ चा पेपर इतका कठीण होता की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते. म्हणून शेजारच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी अमुक गुणांवर कॉलेज मिळालं, या गोष्टीला अर्थ नाही. रँक विचारा. आणि तोही आपल्या प्रवर्गातला, आपल्या राज्याच्या रकान्यातला, शेवटच्या फेरीचा. तीन वर्षांचे आकडे बघितले की अंदाज बराच पक्का होतो. मुलगी असेल तर मुलींच्या जागांचा रकाना वेगळा बघा. २०१८ पासून आयआयटी-एनआयटीत मुलींसाठी जागा वाढवल्या आहेत आणि तिथला शेवटचा रँक बहुधा बराच खाली जातो. "मुलीसाठी एवढं कशाला," असं म्हणणाऱ्या घरांनी तर तो आवर्जून बघावा.

अंदाज आला की रँक सुधारायचा कसा, हे वेगळं. सराव परीक्षा किती दिल्या, यापेक्षा प्रत्येक परीक्षेनंतर चुकलेल्या प्रश्नांपाशी मूल किती वेळ बसलं, याने रँक सुधारतो. येत होतं आणि घाईत चुकलं, की येतच नव्हतं, हे त्याला वहीत लिहायला लावा. शेजारी बसून तुम्हाला भौतिकशास्त्र कळण्याची गरज नाही. "आज कुठलं चुकलं?" एवढं रागावल्याशिवाय विचारता आलं तरी पुष्कळ. नीटवाल्यांनी जीवशास्त्राचं एनसीईआरटी सोडून जाड पुस्तकांमागे धावू नये. मराठीत विचार करणाऱ्या मुलाला जेईई मेन आणि नीटचा पेपर मराठीतही घेता येतो, पण त्यासाठी परीक्षा केंद्र महाराष्ट्रातलं निवडावं लागतं. तो निर्णय अकरावीतच घ्या, शेवटच्या महिन्यात भाषा बदलू नका. आणि बारावी बोर्डाकडे पाठ फिरवू नका. आयआयटी-एनआयटीला बारावीत ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के लागतात, किंवा बोर्डातल्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. रँक असून या अटीवर जागा हुकली तर घरचं दुःख आवरत नाही.

दाखले मार्चमध्ये तपासा. राज्याच्या ओबीसी यादीत जात आहे म्हणून केंद्राच्या यादीत असेलच असं नाही, आणि जोसाला केंद्राच्या नमुन्यातला, त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा नॉन-क्रीमी लेअर दाखला लागतो. आर्थिक दुर्बल घटकाच्या (ईडब्ल्यूएस) दाखल्याचंही तसंच.

पसंतीक्रम भरताना "मिळण्यासारखं" वर आणि "आवडीचं" खाली असं कधी करू नका. वर भरलेलं मिळालं नाही म्हणून खालचं हातचं जात नाही. म्हणून क्रम निव्वळ आवडीचा ठेवा, यादी लांब ठेवा, आणि त्या क्रमात शेवटचा शब्द मुलाचा असू द्या. जागा मिळाल्यावर ती धरून वरच्याची वाट बघण्याचीही सोय असते. मात्र जागा स्वीकारण्याचं शुल्क दिलेल्या तारखेच्या आत भरावंच लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. या फेऱ्या जून-जुलैमध्ये येतात. तेव्हा आपल्याकडे कपाशीची पेरणी चाललेली असते आणि घरातला रुपया न् रुपया बियाण्या-खतात गेलेला असतो. मृग बहराच्या संत्र्याचे पैसे हाती येतील, तेव्हाच ती रक्कम मुलाच्या नावाने बँकेत वेगळी टाका.