बालरक्षण : गावाची सामुदायिक जबाबदारी

दिवाळी सरली की छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पैठण, कन्नड आदी तालुक्यांतील ऊसतोड कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. मुले फडावर जातात, नाहीतर आजी-आजोबांपाशी राहतात. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, असा तोडीचा हिशेब असल्याने मुलामुलींचे लग्न लवकर उरकण्याकडे कल होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वीच झाला होता.

हे संकट कोणा एकास पुरते दिसत नाही. वर्गातील गैरहजेरी गुरुजींना कळते, मुलाची उपासमार अंगणवाडी सेविकेस, अंगावरचे वळ आशाताईंना, लग्नाची बोलणी पोलीस पाटलांना. ही माहिती एकत्र यावी, यासाठीच सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते. अंगणवाडी सेविका तिच्या सदस्य-सचिव असतात.

समितीने स्थलांतरापूर्वी बैठक घ्यावी, मागे राहणाऱ्या मुलांची यादी करावी आणि प्रत्येक मुलामागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी. बालविवाहाची कुणकुण लागताच ग्रामसेवकांना कळवावे; ते बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. १०९८ हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवावा. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. ते प्रकरण गावबैठकीत मिटवू नये. बालकाचे नाव गुप्त राखावे.

‘दुसऱ्याच्या घरची गोष्ट’ म्हणून गाव गप्प राहिले, तर त्याची किंमत मूल मोजते.