कान्होपात्रा म्हणताना

सोलापुरातल्या आमच्या भजनी मंडळात कान्होपात्रेचे अभंग वर्षानुवर्षं म्हटले जातात. म्हणताना आणि नव्या बायकांना शिकवताना जे उमगत गेलं, ते लिहून ठेवते आहे.

१. आधी अभंग, मग कथा. कथा सगळ्यांना ठाऊक असते: मंगळवेढ्याच्या शामा गणिकेची देखणी मुलगी, बिदरच्या बादशहाचं बोलावणं, पंढरपुरात विठ्ठलाच्या पायाशी ठेवलेला देह. कान्होपात्रा पंधराव्या शतकातली. महिपतींनी तिची कथा 'भक्तविजया'त सांगितली ती १७६२ साली. कथेतलं रूप असं डोळ्यांत भरतं, की कवयित्री मागे राहते. तिच्या नावावरचे अभंग तिसाच्या आतबाहेर. सगळे वाचायला एक दुपार पुरते. तेवढी दुपार तिला द्यावीच.

२. ती देवाला काय म्हणून हाक मारते, तिकडे कान द्यावा. तिच्या सर्वांत आर्त अभंगात विठ्ठल आधी राजा आहे. मग वाघाने धरलेल्या पाडसाची गत येते, आणि पुढे तोच राजा विठाबाई होतो, आई होतो. एका राजाची माणसं न्यायला आलेली असताना दुसऱ्या राजाकडे दाद मागायची, आणि मग राजेपणच बाजूला सारून आईला बोलवायचं! हे सगळं मोजक्या ओळींत. दुसऱ्या एका अभंगात ती देवालाच विचारात पाडते: सिंहाचा घास कोल्ह्याने नेला, तर कमीपणा कुणाला? इथे ती पदर पसरत नाही, हक्काने भांडते. म्हणून तिला रडक्या सुरात गाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

३. तिच्या पाठीशी कुणी नव्हतं, हे विसरू नये. मुक्ताबाईंना भाऊ होते, जनाबाईंना नामदेवांचं घर होतं, सोयराबाई-निर्मळा चोखोबांच्या घरातल्या, बहिणाबाईंना तुकोबा गुरू लाभले. कान्होपात्रेला ना गुरू, ना संतांचं घराणं. गावातून जाणारी दिंडी पाहून ती निघाली, असं परंपरा सांगते. तरीही तिचे शब्द टिकले, ते लोकांनी तोंडी धरून ठेवले म्हणून.

४. मंगळवेढ्याला जाऊन यावं. सोलापूरहून साधारण पंचावन्न किलोमीटर. काळी जमीन, मालदांडी ज्वारी. गावकूस बांधताना ते कोसळून चोखोबा गेले ते इथेच, १३३८ साली. दुष्काळात बिदरच्या सत्तेचं धान्यकोठार लोकांसाठी खुलं करणारे दामाजीपंत इथलेच. कूस, कोठार आणि दरबाराचं बोलावणं: तिघांच्याही कथेत सत्ता आडवी येते. तिथे गेल्यावर कान्होपात्रा मला एकटी वाटत नाही.

५. जपानची ओनो नो कोमाची जवळ ठेवून वाचावी. नवव्या शतकातली ही कवयित्री राजदरबारातली मानली जाते. दहाव्या शतकाच्या आरंभी बादशहाच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या 'कोकिनशू' या संग्रहात तिच्या अठरा कविता आहेत. तीही रूपासाठीच गाजली. पुढे नो नाटकांनी तिला जख्ख म्हातारी, भीक मागणारी करून टाकलं. प्रियकराला झुलवल्याची जणू शिक्षाच. आपण कान्होपात्रेला तशी शिक्षा दिली नाही. विठ्ठलमंदिरातल्या तरटीच्या झाडात आपण तिला पाहिलं. पण लेखणीपेक्षा रूपाची आठवण जास्त ठेवली, ती दोघींच्याही बाबतीत.

६. चाल साधी असावी. १९३१ साली बालगंधर्वांनी 'संत कान्होपात्रा' रंगभूमीवर आणलं आणि तिचे अभंग घरोघरी पोचले, हे त्या नाटकाचं मोठं देणं. मात्र त्या गाण्यांत गळ्याला वाव फार. शिकणारीचं लक्ष हरकतींकडे जातं. आम्ही टाळ-मृदंगावर, वारकरी चालीतच म्हणतो. आणि मंडळात नवी मुलगी आली की तिला पहिला अभंग देते तो सिंह-कोल्ह्याचा.